चेंबर ऑफ कॉमर्स, ओळखी आणि निर्यात: लघुउद्योजकांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न महाराष्ट्रातले छोटे-मध्यम कारखानदार आणि व्यापारी डोळ्यांसमोर ठेवून घेतले आहेत. ते जसे विचारले जातात तसेच ठेवलेत. काही उत्तरं चेंबरवाल्यांना फारशी रुचणार नाहीत, पण वर्गणी भरणाऱ्याला ती आधीच कळलेली बरी.

चेंबर म्हणजे सरकारी ऑफिस, की व्यापाऱ्यांचा क्लब?

दोन्ही नाही. उद्योजक आणि व्यापारी वर्गणी काढून जी संस्था चालवतात ती चेंबर. कायद्याच्या दृष्टीने ती बहुतेक वेळा ना-नफा कंपनी असते, म्हणजे उरलेले पैसे सभासदांना वाटून घेता येत नाहीत. सरकार तिला पोसत नाही, पण काही कामं मात्र सरकारने तिच्यावर सोपवलेली आहेत. माल कोणत्या देशात तयार झाला याचा दाखला देणं हे त्यातलं मोठं काम. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. बॉम्बे चेंबर १८३६ चं, त्या काळच्या इंग्रज पेढ्यांच्या वळणाचं. देशी व्यापाऱ्यांनी १९०७ मध्ये इंडियन मर्चंट्स चेंबर काढलं. गोव्यात पोर्तुगीज अमदानीतच, १९०८ मध्ये, व्यापाऱ्यांची संघटना उभी राहिली. आजचं गोवा चेंबर तिचंच पुढचं रूप. १९२७ मध्ये वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर आलं आणि १९३४ मध्ये पुण्यात मराठा चेंबर, ज्याला आता सगळे एमसीसीआयए म्हणतात. वालचंद म्हणजे सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन काढून परक्या जहाज कंपन्यांशी टक्कर घेणारा माणूस. आपला माल दुसऱ्याच्या जहाजातून न्यायचा तर भाडंही दुसराच ठरवतो, हे त्यांच्याइतकं कुणी भोगलं नसेल.

जर्मनीत जवळपास प्रत्येक कंपनीला स्थानिक चेंबरचं सभासदत्व कायद्यानेच लागू होतं. आपल्याकडे ते ऐच्छिक आहे. त्यामुळे तिकडच्या चेंबरकडे जिल्ह्यातल्या सगळ्या धंद्यांची नोंद सापडते, इकडे फक्त वर्गणी भरणाऱ्यांची. परदेशी माणूस आपल्या चेंबरला एखाद्या कंपनीबद्दल विचारतो आणि ‘आमच्या यादीत नाहीत’ असं उत्तर जातं, तेव्हा त्याचा अर्थ तो भलताच काढू शकतो.

आमच्या एमआयडीसीची असोसिएशन आहेच. वर आणखी चेंबर कशाला?

असोसिएशन तुमच्या गेटबाहेरचे प्रश्न बघते: वीज, पाणी, रस्ता, ड्रेनेज, घरपट्टीचा वाद. कोल्हापुरात शिरोलीची ‘स्मॅक’, गोकुळ शिरगावची ‘गोशिमा’, नाशिकला ‘निमा’ आणि ‘आयमा’ ही कामं करतात आणि ट्रान्सफॉर्मर जळाला की त्यांच्याइतकं उपयोगी कुणी नसतं. चेंबरचा पल्ला लांब असतो: वेगवेगळ्या धंद्यांची, गावांची, देशांची माणसं एकमेकांसमोर आणणं आणि व्यापाराची कागदपत्रं. अर्थात ही रेघ ठळक नाही. काही असोसिएशन चेंबरसारखी कामं करतात, तर काही चेंबर्स नावापुरतीच चेंबर्स असतात.

तिसरी जात एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलची. इंजिनिअरिंगसाठी ईईपीसी, सुती कापडासाठी टेक्सप्रोसिल, हिऱ्या-दागिन्यांसाठी जीजेईपीसी; शेतमाल आणि खाद्यपदार्थांसाठी अपेडा, जी कौन्सिल नसून वैधानिक प्राधिकरण आहे. निर्यातीच्या योजनांचा लाभ घ्यायचा तर आरसीएमसी नावाचं नोंदणीपत्र लागतं आणि ते यांच्याकडून मिळतं, तुमच्या जिल्ह्याच्या चेंबरकडून नाही. चेंबरची पावती दाखवून आरसीएमसीचं काम भागत नाही, हे बऱ्याच जणांना अर्ज परत आल्यावरच कळतं.

सभासद झालो की ऑर्डर मिळतात का?

नाही. कुणी तसं सांगत असेल तर पावती फाडू नका.

मग ओळखी होतात त्या कशा? कार्यक्रमाला गेलो, कार्डं वाटली, पुढे काहीच झालं नाही.

कार्डं वाटून काही होत नाही. शंभर लोकांच्या हॉलमध्ये भाषण, मग नाश्ता, मग सेल्फी, यातून धंदा निघाल्याची उदाहरणं मोजकीच. ज्यांना चेंबरचा उपयोग झाला ते बहुतेक लोक कुठल्या ना कुठल्या उपसमितीत बसलेले असतात: निर्यात समिती, करविषयक समिती, कृषिप्रक्रिया, पर्यावरण. आठ-दहा माणसं दर महिन्याला एका टेबलाभोवती येतात. चार बैठकांत समोरचा माणूस वेळेवर येतो का, शब्द पाळतो का, दुसऱ्याचं बोलणं तोडतो का, हे कळतं. धंद्यात ओळख म्हणजे नाव माहीत असणं नव्हे. ‘त्यांना द्या काम, माणूस खात्रीचा आहे’ असं तिसऱ्याने आपल्या पश्चात सांगणं. चेंबर हा तिसरा माणूस पुरवतं. माझ्या मते वर्गणीत विकत मिळण्यासारखी खरी गोष्ट तीच.

कोल्हापूरचं उदाहरण घ्या. उसाचे चरक, पाण्याचे पंप, ऑइल इंजिनं यांच्या गरजेतून तिथे फाउंड्र्या वाढल्या. आज जिल्ह्यात कास्टिंग ओतणारे आहेत, त्यावर मशीनिंग करणारे आहेत, पॅटर्न बनवणारे आहेत. परदेशी खरेदीदाराला कच्चं कास्टिंग नको असतं. त्याला मशीनिंग झालेला, रंग दिलेला, तपासणी अहवालासह पॅक केलेला भाग हवा असतो. एका फाउंड्रीवाल्याकडे हे सगळं एका छपराखाली नसतं. पण ज्याच्याकडे सीएनसी मशीन रिकामं आहे आणि ज्याच्याकडे मापन यंत्र आहे, असे दोघं त्याच्यासोबत समितीत बसत असतील तर तिघं मिळून एक कोटेशन देऊ शकतात. ही जुळणी जाहिरातीतून होत नाही, कारण रिकामं मशीन कुणी जाहीर करत नाही.

आणखी एक. ओळख करून देताना ‘आम्ही इंजिनिअरिंगमध्ये आहोत’ म्हणू नका. कोल्हापुरात सगळेच इंजिनिअरिंगमध्ये आहेत. ‘ग्रे आयर्न कास्टिंग, पाच ते चाळीस किलोपर्यंत, पंपाच्या केसिंगचं काम जास्त, महिन्याला अमुक टन, सध्या तीस टक्के क्षमता मोकळी’ असं सांगा. ऐकणाऱ्याच्या डोक्यात तेव्हाच एखादं नाव येतं. आणि स्वतःला काय हवं तेही बोला. आपल्या लोकांना मागायचा संकोच फार. ‘बघा काही असेल तर’ एवढंच म्हणून निघून येतात.

तिथे आमचे स्पर्धकच बसलेले असतात. त्यांच्यासमोर कसं बोलणार?

दर आणि पार्टीचं नाव बोलायचं नाही, बाकी बोलायला हरकत नसते. कुठला फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था बघणारा एजंट, वेळ पाळतो, कुठल्या बंदरात माल अडकतो, कुठल्या देशातली बँक कागदांत खोड काढते, ही माहिती स्पर्धकाकडेच असते. एलसीएलने, म्हणजे कंटेनरमधली थोडी जागा घेऊन, माल पाठवणारे दोन स्पर्धक न्हावाशेव्यापर्यंत एकाच ट्रकने जात असतात. दोघांचंही भाडं वाचतं.

सॅटर्डे क्लब, बीएनआय आणि चेंबर यांत काय घ्यावं?

तिघांचं काम वेगळं आहे. सॅटर्डे क्लब माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी सुरू केला, तिथे मराठी माणसाने मराठी माणसाला धंद्यात हात द्यावा हा विचार मध्यभागी आहे. बीएनआय अमेरिकेतून आलेली पद्धत: ठरलेल्या दिवशी सकाळी बैठक, एका गटात एका व्यवसायाचा एकच सभासद, रेफरन्सचा हिशोब. इंटिरियर, विमा, छपाई, केटरिंग, सीए अशा स्थानिक सेवांना या दोन्ही ठिकाणी लवकर गुण येतो. निर्यात करणाऱ्या कारखान्याला लागणारे कागद, दूतावासांशी संबंध आणि सरकारदरबारी बाजू मांडणं चेंबरकडेच मिळतं. वेळ एकाच ठिकाणी देता येणार असेल तर गिऱ्हाईक कुठे आहे ते बघा. गिऱ्हाईक पंधरा किलोमीटरच्या आत असेल तर चेंबर दुसऱ्या नंबरवर ठेवलं तरी चालेल.

निर्यात सुरू करायची आहे. आधी चेंबरकडे जाऊ का?

माहितीसाठी जरूर जा, पण पहिले कागद तिथे मिळत नाहीत. आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावरून स्वतः काढता येतो. फी ५०० रुपये, आणि आता तुमचा पॅन हाच तो क्रमांक. यासाठी एजंटला काही हजार देणारे लोक अजूनही भेटतात. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात आयईसीची माहिती अद्ययावत करावी लागते, काही बदल नसला तरी. विसरलात तर कोड निष्क्रिय होतो आणि हे लक्षात येतं ते माल कस्टम्समध्ये पोचल्यावर. त्यानंतर बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) कस्टम्सकडे नोंदवणं, जीएसटी न भरता निर्यात करण्यासाठी दरवर्षी एलयूटी हे हमीपत्र देणं आणि वर सांगितलेलं आरसीएमसी.

चेंबरचं प्रशिक्षण घ्यायचं ते या यादीसाठी नव्हे. यादी कुठेही मिळते. घ्यायचं ते आपल्या मालाचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्सच्या वर्गीकरणातला क्रमांक, नीट ठरवण्यासाठी. भारतात तो आठ आकडी आहे, त्यातले पहिले सहा जगभर सारखे. कोड चुकला की तिकडच्या आयातदाराला भलतीच ड्युटी लागते, सवलत हुकते आणि दुसरी ऑर्डर येत नाही. वर्गात बसून आपल्याच मालाचं बिल पुढे करून विचारा. शिकवणारे बहुधा कस्टम्स ब्रोकर किंवा निवृत्त अधिकारी असतात. त्यांना खरं बिल दिसलं की ते स्लाइड बाजूला ठेवतात.

स्वतः निर्यात करण्याआधी मर्चंट एक्स्पोर्टरला माल दिला तर?

म्हणजे दुसऱ्यांचा माल घेऊन तो निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याला. सुरुवातीला शहाणपणाचं आहे. ठरावीक अटी पाळल्या तर त्याला ०.१ टक्का जीएसटीने माल देता येतो. मुख्य अट अशी की तुमच्या बिलापासून ९० दिवसांत माल देशाबाहेर गेला पाहिजे. पॅकिंग, लेबल, तपासणी या गोष्टी त्याच्या पैशाने शिकून होतात. असे निर्यातदार चेंबरमध्ये हमखास भेटतात. मात्र माल बाहेर गेल्याचा पुरावा म्हणून शिपिंग बिलाची, म्हणजे कस्टम्सकडे दिलेल्या निर्यातीच्या कागदाची, प्रत मागून घ्या.

सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन म्हणजे काय आणि चेंबर ते का देतं?

बोलताना सगळे याला सीओओ म्हणतात. माल अमुक देशात तयार झाला, एवढंच ते सांगतं. पण त्यावरून तिकडचं कस्टम्स ड्युटी ठरवतं, बंदी असलेल्या देशाचा माल आहे का बघतं आणि पुष्कळदा तिकडची बँक त्याशिवाय पैसे सोडत नाही.

याचे दोन प्रकार आहेत, आणि गोंधळ इथेच होतो. पहिला सवलतीचा. भारताचा ज्या देशाशी करार आहे तिथे कमी ड्युटी मिळावी म्हणून तो काढायचा. संयुक्त अरब अमिरातीबरोबरचा करार १ मे २०२२ पासून लागू आहे, ऑस्ट्रेलियाबरोबरचा २९ डिसेंबर २०२२ पासून. असा दाखला एक्स्पोर्ट इन्स्पेक्शन एजन्सीसारख्या करारानुसार नेमलेल्या संस्था देतात आणि त्यासाठी मालात भारतीय मूल्य किती, कच्चा माल कुठला, हे सिद्ध करावं लागतं. दुसरा बिनसवलतीचा. त्यात ड्युटीची सूट नाही, फक्त मूळ देशाची ग्वाही. हा देण्याचा अधिकार डीजीएफटीने अनेक चेंबर्सना दिलेला आहे. पूर्वी टायपिंग केलेला फॉर्म घेऊन चेंबरच्या काउंटरवर रांग लागायची; १ जानेवारी २०२५ पासून बिनसवलतीचा दाखलाही डीजीएफटीच्या ऑनलाइन यंत्रणेतूनच काढावा लागतो. चेंबरचा माणूस पडद्यामागे तपासून मंजुरी देतो.

दुबईला माल पाठवताना चेंबरचा दाखला काढून मोकळे झालात तर माल पोचेल, पण सवलत मिळणार नाही. आयातदार पूर्ण ड्युटी भरेल आणि फरक तुमच्याकडून मागेल. अर्ज करण्याआधी त्यालाच विचारा, कोणता दाखला हवा.

आता बँकेची गोष्ट, कारण पैसे तिथेच अडकतात. समजा, सोलापूरहून टॉवेलची खेप निघाली आहे आणि पैसे एलसीवर, म्हणजे कागद बरोबर असतील तर पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर, आहेत. एलसीत आयातदाराचं नाव ‘अमुक ट्रेडिंग कंपनी एलएलसी’. तुमच्या ऑफिसातल्या मुलाने जुन्या इन्व्हॉइसवरून नाव उचललं आणि सीओओवर ‘अमुक ट्रेडिंग एलएलसी’ छापून आलं. बँकेचा तपासनीस माल बघत नाही, कागद बघतो. ‘कंपनी’ हा शब्द गळलेला दिसला की तो तफावत लिहून मोकळा, त्याचा दंड तुमच्या रकमेतून कापला जातो. त्याहून वाईट म्हणजे आता पैसे द्यायचे की नाही हे आयातदाराच्या मर्जीवर जातं. बाजार पडलेला असेल तर तो दहा टक्के कमी घ्या म्हणतो. माल समुद्रात, तुम्ही इकडे. एलसीचे नियम, यूसीपी ६००, सांगतात की वेगळी मुदत दिली नसेल तर माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत गेले पाहिजेत. म्हणजे सीओओ दुरुस्त करून घ्यायलाही फार दिवस हातात नसतात. चेंबरच्या डेस्कवर अनुभवी माणूस असेल तर तो अर्ज मंजूर करण्याआधी म्हणतो, ‘एलसीची कॉपी दाखवा बघू.’ हे त्याच्या कामात लिहिलेलं नसतं. चांगलं चेंबर ओळखायची माझी कसोटी हीच आहे.

चेंबरने दाखला दिला म्हणजे मालाच्या दर्जाची हमी घेतली का?

नाही. मूळ देश सोडून कशाचीही नाही. दाखल्यात खोटी माहिती दिली तर जबाबदारी निर्यातदाराची.

इन्व्हॉइसवर चेंबरचा शिक्का मागतात, तो कशासाठी?

मुख्यतः आखाती आणि काही आफ्रिकी देशांसाठी. आधी चेंबरची साक्षांकनाची मोहर, मग त्या देशाच्या वकिलातीची, असा क्रम असतो. बऱ्याच देशांच्या वकिलाती मुंबईतच असल्याने आपल्याला दिल्लीची फेरी टळते. चेंबरकडे तुमच्या अधिकृत सहीचा नमुना आधी द्यावा लागतो. सही करणारा भागीदार गावाला गेला आणि दुसऱ्या कुणाच्या सहीचा नमुना दिलेलाच नाही, म्हणून कागद लटकतात. दोन सह्या देऊन ठेवा.

एफओबी, सीआयएफ हे सरकारी नियम आहेत का?

नाहीत. भाडं, विमा आणि जोखीम कुठपर्यंत कुणाची हे सांगणाऱ्या या संज्ञा, तेही चेंबरचंच काम. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या, पॅरिसला मुख्यालय असलेल्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने १९३६ मध्ये या संज्ञा ‘इन्कोटर्म्स’ नावाने पहिल्यांदा छापल्या; सध्याची आवृत्ती २०२० ची आहे आणि तीत ११ संज्ञा आहेत. यूसीपी ६०० सुद्धा त्यांचंच. म्हणून करारात नुसतं ‘एफओबी’ नको. बंदराचं नाव आणि ‘इन्कोटर्म्स २०२०’ असंही लिहा.

परदेशी शिष्टमंडळात जाण्यात अर्थ आहे, की ती सहलच असते?

सहलही असते. कार्यक्रमपत्रिका बघितली की कळतं: दोन दिवस ‘स्थानिक पर्यटन’ आणि एक दुपार ‘व्यावसायिक संवाद’ असेल तर कुटुंबासह जा, मजा येईल, पण खर्च कंपनीच्या नावावर टाकू नका.

जाण्याजोगं शिष्टमंडळ कसं असतं? पैसे भरण्याआधीच समोरच्या देशातलं चेंबर कोण, तिथून कोण येणार, तुमच्या मालाचे आयातदार त्यात किती, याची यादी मिळते. तुमच्याकडून उत्पादनाचं एक पान आधी मागवलं जातं आणि तिकडे वाटलं जातं. नंतर प्रत्येकाला वेळ ठरवून भेटी मिळतात. याउलट, परदेशी खरेदीदारांनाच इकडे आणून तुमच्या कारखान्यात फिरवण्याची पद्धत छोट्या युनिटला जास्त लाभते. खर्च कमी, आणि त्याला तुमचं शॉप फ्लोअर दिसतं. कास्टिंगच्या ढिगावर हीट नंबर (कुठल्या ओतीव घाण्यातलं ते सांगणारा आकडा) नीट लिहिलेले आहेत का, नाकारलेला माल लाल रंग लावून वेगळा ठेवलाय का, हे तो न विचारता बघून जातो.

जर्मनीकडे डोळा असेल तर इंडो-जर्मन चेंबर १९५६ पासून मुंबईत आहे, पुण्यातही त्यांचं ऑफिस आहे. अशा द्विदेशीय चेंबर्सकडे तिकडच्या कंपन्यांची यादी आपल्या जिल्हा चेंबरपेक्षा केव्हाही चांगली असते.

व्हिसासाठी चेंबरचं शिफारसपत्र सभासदाला मिळतं. प्रदर्शनात मांडायला यंत्र नेऊन परत आणायचं असेल तर एटीए कार्ने नावाचं पुस्तक काढा, तिकडे ड्युटी भरावी लागत नाही. भारतात ते फिक्की ही उद्योगांची राष्ट्रीय संघटना देते, आणि प्रत्येक देश ते मानत नाही, तेवढं आधी बघा.

समोरचा खरेदीदार खरा आहे हे चेंबर सांगू शकतं का?

काही प्रमाणात. तिकडच्या चेंबरला पत्र लिहून कंपनी अस्तित्वात आहे का, पत्ता तोच आहे का, एवढं विचारता येतं. ती पैसे देईल का, हे कुणी सांगू शकत नाही. त्यासाठी ईसीजीसी आहे, १९५७ पासूनची सरकारी कंपनी. खरेदीदाराने पैसे बुडवले तर विम्यातून ठरलेला हिस्सा मिळतो. शिवाय विमा देण्याआधी तेही खरेदीदाराची पत तपासतात. विम्याचा अर्ज ही त्यामुळे चौकशीची एक रीत झाली.

सध्या जास्त फसवणूक होते ती ओळखीच्या खरेदीदाराच्या नावाने. ई-मेलच्या मध्ये कुणीतरी घुसतं, अगदी तुमच्याच भाषेत खरेदीदाराला लिहितं की ‘आमचं बँक खाते बदललं आहे’, आणि पैसे तिसरीकडे जातात. ई-मेलच्या पत्त्यात एका अक्षराचा फरक असतो. खाते बदलाची कुठलीही सूचना फोनवर बोलल्याशिवाय मानायची नाही, हे पहिल्याच प्रोफॉर्मावर, म्हणजे ऑर्डरआधी दिलेल्या कच्च्या बिलावर, छापून टाका.

पैसे अडकले तर चेंबर वसूल करून देतं का?

वसुली नाही, मध्यस्थी. तिकडच्या चेंबरमार्फत गेलेलं पत्र वकिलाच्या नोटिशीपेक्षा स्वस्त आणि कधीकधी जास्त परिणामकारक असतं, कारण तिकडच्या व्यापाऱ्यालाही आपल्या गावात नाव राखायचं असतं. पण त्याला गावात नावच नसेल तर पत्राचा उपयोग शून्य. देशातला खरेदीदार असेल तर गोष्ट वेगळी: उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याजासह सरकारी पोर्टलवर दावा लावता येतो. कायदा २००६ पासून आहे. दावा लावला तर पुढची ऑर्डर जाते, या भीतीने लोक तो वापरत नाहीत. इथे एकेकट्याने तक्रार करण्यापेक्षा संघटनेने त्या कंपनीच्या खरेदी विभागाशी बोलणं सोपं जातं.

कोल्हापुरी चपलेच्या प्रकरणात चेंबरने नेमकं काय केलं?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. समाजमाध्यमांवर संताप उसळला. पण कंपनीशी अधिकृत पत्रव्यवहार झाला तो महाराष्ट्र चेंबरच्या लेटरहेडवर. अध्यक्ष ललित गांधी यांनी प्रादाला लिहिलं आणि कंपनीने उत्तरात मान्य केलं की या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेतून आलेली आहे. जुलैमध्ये प्रादाची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, सुमारे २००० जोड इथल्या कारागिरांकडून बनवून घेण्याचा. किंमत एका जोडाला ८०० युरोच्या आसपास सांगितली गेली.

यात तीन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एखाद्या कारागिराने, किंवा शंभर कारागिरांनी वेगवेगळं लिहिलं असतं तर ते पत्र मिलानमध्ये कुणाच्या टेबलावर गेलं असतं? संस्थेच्या पत्राला उत्तर द्यावं लागतं. दुसरं, करार चेंबरशी झाला नाही. चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते लिडकॉम आणि लिडकर यांच्या नावावर, दोन्ही राज्यांच्या चार-चार जिल्ह्यांसाठी. दार ठोठावलं चेंबरने, सही केली हक्कदाराने. उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिकाही याच मुद्द्यावर अडली, की मानांकनाचे नोंदणीकृत मालक स्वतः आलेले नाहीत. तिसरं, ८०० युरोतले किती चपलेचा पट्टा विणणाऱ्याच्या हातात पडतात, हा प्रश्न पत्राने सुटत नाही. तुमच्या मालाला मानांकन असेल, मग तो सोलापुरी चादर असो की सांगलीची हळद, तर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंदणी करून ठेवा. ती नसेल तर तुम्ही ज्या वारशाचे मालक आहात त्याचे कागदावर कुणीच नसता.

आमचा माल द्राक्ष, आंबा, बेदाणा. आम्हाला चेंबरचा काय उपयोग?

ओळखींसाठी आहे, बाकी मर्यादित. शेतमालात दर्जा आणि अवशेषांची तपासणी हेच सगळं, आणि ते अपेडा, कृषी विभाग आणि पणन मंडळाकडे आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांमुळे युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडले तेव्हा कुठल्याही शिक्क्याचा उपयोग नव्हता, प्रयोगशाळेचा अहवाल तेवढा चालत होता. २००७ मध्ये हापूस अमेरिकेला गेला तो लासलगावच्या विकिरण केंद्रातून. द्राक्षवाल्यांनी तर १९९१ मध्येच सहकारी संस्था एकत्र करून महाग्रेप्स उभी केली. एकट्याने न जाता एकत्र जाण्याचं काम त्यांच्यासाठी तिने केलं. प्रक्रिया केलेला माल, म्हणजे पल्प, बेदाण्याची छोटी पाकिटं, मसाले, यांना मात्र चेंबरच्या ओळखी आणि खाद्यप्रदर्शनं दोन्ही कामी येतात.

चेंबरमध्ये मोठ्या कंपन्यांचंच चालतं, हे खरं का?

बऱ्याच ठिकाणी खरं. अध्यक्षपद फिरून फिरून त्याच घराण्यांत येतं, सरकारला दिलेल्या निवेदनात मोठ्यांच्या मागण्या वर असतात. पण सर्वसाधारण सभेला येतात किती? गणसंख्येअभावी सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच हॉलमध्ये पुन्हा भरवायची, हा प्रकार आपल्याला सहकारी सोसायट्यांपासून ठाऊक आहे. मतदानाचा हक्क कोणत्या वर्गाच्या सभासदाला आहे ते उपविधीत वाचा. सहयोगी सभासदाला तो बहुधा नसतो.

इंग्रजी जेमतेम आहे. जमेल का?

जमेल. मराठा चेंबरचं ‘संपदा’ मासिक मराठीत निघतं, बैठकाही पुष्कळदा मराठी-हिंदी मिसळून होतात. परदेशी पत्रव्यवहाराला लहान, सरळ वाक्यं पुरतात. आकडे, तारखा आणि एकक चुकू देऊ नका, व्याकरणाकडे तिकडचा खरेदीदारही फार बघत नाही.

सभासद होण्याआधी काय विचारून घ्यावं?

सीओओ देण्याचा अधिकार आहे का आणि अर्ज साधारण किती वेळात मंजूर होतो. निर्यातीचं काम बघणारा पूर्णवेळ माणूस आहे का. त्याचं नाव विचारा आणि त्यालाच भेटा, पदाधिकाऱ्याला नको. गेल्या वर्षी कोणती परदेशी चेंबर्स किंवा शिष्टमंडळं येऊन गेली. तुमच्या धंद्यातले सभासद किती, त्यांतल्या दोघांचे फोन मिळतील का. वर्गणी बहुतेक ठिकाणी उलाढालीच्या टप्प्यांवर ठरते, तर तुमचा टप्पा कोणता आणि कागदपत्रांची फी सभासदाला वेगळी किती पडते, हेही विचारा. अर्जासोबत पॅन, जीएसटी, उद्यम नोंदणी आणि कंपनीची कागदपत्रं लागतात. सूचक-अनुमोदक म्हणून दोन जुन्या सभासदांच्या सह्या मागणारी चेंबर्सही आहेत. ओळखीचं कुणी नसेल तर ऑफिसात तसं सांगा, ते सह्या मिळवून देतात.